मित्रांसोबतच्या लांब, कच्च्या वाटेवरच्या प्रवासासाठी भरवशाची गाडी कशी निवडावी?

दूरवाट

आम्ही चौघे मित्र आजवर भाड्याच्या नाहीतर ओळखीतल्या गाड्या घेऊन कच्च्या वाटांवरचे लांबचे प्रवास करत आलो आहोत. आता चौघांनी मिळून एक गाडी घ्यायची, ती प्रवासासाठी सज्ज करायची आणि पुढे अनेक वर्षे तीच चालवायची, एवढे ठरले आहे. कोणती घ्यायची यावर मात्र एकमत होत नाही. आमचा एक प्रवास तीन-चार आठवड्यांचा असतो. त्यात लाटा पडलेले खडीचे रस्ते सर्वाधिक, मधूनमधून वाळू, चार-साडेचार हजार मीटर उंचीच्या खिंडी आणि पूल नसलेले ओढे येतात. दोन इंधन पंपांमधले अंतर कधी कधी ५०० किलोमीटरच्या पुढे जाते आणि तेवढ्या टापूत गॅरेज तर सोडाच, वस्तीही भेटेल याची खात्री नसते.

चर्चेत असलेल्या गाड्या अशा: पाच दारांची सुझुकी जिमनी, महिंद्रा थार, टोयोटा हायलक्ससारखा दुहेरी केबिनचा पिकअप आणि वापरलेली टोयोटा लँड क्रूझर ७०. आमच्यातल्या एकाचे म्हणणे असे की लँड क्रूझर ७० ही १९८४ पासून मूळ बांधणी फारशी न बदलता तयार होते आहे, आणि इतकी वर्षे टिकलेल्या गाडीबद्दल आणखी काय विचारायचे? दुसऱ्याला नवी, वॉरंटीतली गाडी हवी आहे, कारण जुन्या गाडीच्या पोटात काय दडले आहे ते कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मला स्वतःला हलकी गाडी पटते. भरवसा म्हणजे नेमके काय पाहायचे आणि ते कोणत्या क्रमाने पाहायचे, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

पाना-पकड

क्रमाबद्दल विचारलेत हे फार बरे झाले, कारण माझ्या मते निम्मी गल्लत तिथेच होते. बहुतेक जण आधी इंजिन पाहतात, मग फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद), मग ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची), आणि सामानाचा विचार सर्वांत शेवटी करतात. लांबच्या प्रवासासाठी पहिला प्रश्न वजनाचा असला पाहिजे. प्रत्येक गाडीच्या पाटीवर आणि माहितीपुस्तिकेत भरल्या गाडीच्या कमाल वजनाचा आकडा दिलेला असतो. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की उरते ती तिची भारक्षमता, आणि माणसे, पाणी, जादा इंधन, अवजारे, टपावरचे कॅरिअर, पुढचा लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) हे सारे त्या एका आकड्यात बसवावे लागते.

आता तुमच्या यादीतली पाच दारांची जिमनी घ्या. तिचे कमाल वजन १,५४५ किलो आणि रिकामे वजन सुमारे १,२०० किलो आहे. म्हणजे हातात राहिले साधारण ३४० किलो. तुम्ही चौघे सरासरी ७५ किलोचे धरलात तरी ३०० किलो माणसांतच संपले, आणि अजून एक भांडेही गाडीत चढलेले नाही. चार माणसांना दिवसाला माणशी पाच लिटर या हिशेबाने चार दिवसांचे पाणी म्हणजे ८० किलो. डिझेल लिटरमागे साधारण ८४० ग्रॅम भरते, त्यामुळे वीस लिटरचा एक लोखंडी कॅन डब्यासकट २० किलोच्या वर जातो. दुसरी स्टेपनी, जॅक, अवजारे, दोर, तंबू, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाचे साहित्य, टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर असे मोजत गेलात तर चौघांचा मिळून भार सहज ६०० किलोच्या पुढे जातो. जिमनी ही फार गुणी गाडी आहे. पण चार माणसे आणि तीन आठवडे हे गणित तिच्यासाठी नाही, आणि ते तिच्यावर लादले तर बिघडलेल्या गाडीचा दोष गाडीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

ओव्हरलोड गाडी सहसा पहिल्या दिवशी काही बोलत नाही. खडीच्या लाटांवर शॉकॲब्सॉर्बर आत-बाहेर होत राहतो, त्यातले तेल तापते, पातळ होते, मग तो नावापुरता उरतो. त्याचा मार आधी रबरी बुशांवर, मग शॉकॲब्सॉर्बर जिथे बोल्टने धरलेला असतो त्या कानावर आणि शेवटी चासीवर (गाडीच्या मूळ सांगाड्यावर) जातो. पिकअपच्या बाबतीत एक धोका विशेष लक्षात ठेवावा. मागच्या ॲक्सलच्या मागे जितके वजन लटकते तितकी चासी केबिन आणि हौदा यांच्या मधल्या भागात वाकू पाहते. हौद्याच्या टोकाला दोन स्टेपन्या, मागे जड बंपर आणि खाली गाडी बसू नये म्हणून हवेच्या पिशव्या, असा जुळवलेला पिकअप एका मोठ्या खळग्यात वाकून कायमचा बाद झाल्याची उदाहरणे आहेत. तेव्हा भारक्षमता पाहताना एकूण आकड्याबरोबर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या वेगळ्या मर्यादाही पाहा.

चढउतार

वर पाना-पकड यांनी मांडलेले गणित बरोबर आहे. मात्र त्यातून हलकी गाडी बाद होते असा अर्थ कोणी काढू नये. चौघांसाठी एकच गाडी हे गृहीतच एकदा तपासून पाहावे. दोन गाड्या आणि प्रत्येकीत दोन माणसे असा विचार केला तर जिमनीत माणसांचे १५० किलो वजा जाता १९० किलो सामानासाठी उरतात, आणि काटेकोरपणे भरले तर तेवढ्यात भागते. वाळूत आणि चिखलात हलकेपणासारखा गुण नाही. अडीच टनांची गाडी जिथे कुशीपर्यंत रुतते तिथून ही चाकांची हवा कमी करून निघून जाते, आणि रुतलीच तर दोन माणसे फावड्याने तिला मोकळी करू शकतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दुसरी गाडी सोबत असणे हीच सर्वांत मोठी सुरक्षितता आहे. निर्जन भागात एकट्या गाडीचा ॲक्सल तुटला तर मदत येईपर्यंत चौघेही तिथेच अडकतात. दुसरी गाडी असेल तर निदान माणसे तरी बाहेर पडतात.

कोनांकडेही लक्ष द्यावे. नुसत्या ग्राउंड क्लिअरन्सच्या आकड्यापेक्षा पुढच्या बंपरचा कोन, मागच्या बंपरचा कोन आणि पोट टेकण्याचा कोन हे तीन आकडे जास्त बोलतात. तीन दारांच्या जिमनीत ते ३७, ४९ आणि २८ अंश आहेत. २०२० च्या थारमध्ये ४१.८, ३६.८ आणि २७ अंश. पाच दारांच्या जिमनीत दोन चाकांमधले अंतर वाढल्यामुळे पोट टेकण्याचा कोन २४ अंशांवर येतो. लांब पिकअपचा पुढचा बंपर सुटतो, पण उंचवट्याच्या माथ्यावर पोट आणि उतरताना शेपूट टेकते.

दूरवाट

दोन गाड्यांचा मुद्दा आमच्या चर्चेत आला होता, पण दोन छोट्या गाड्यांना इंधनाची अडचण येईल असे वाटते. जिमनीची टाकी ४० लिटरची आहे. वाळूत आणि भरल्या गाडीने १०० किलोमीटरला दहा लिटर धरले तर ४०० किलोमीटरच्या पुढे जादा पेट्रोल बाळगावे लागते, शिवाय ते डिझेलपेक्षा अधिक ज्वालाग्राही, आणि टपावर ठेवायची माझी तयारी नाही. लँड क्रूझर ७० च्या पाच दारांच्या प्रकारात १३० लिटरची आणि हायलक्समध्ये ८० लिटरची टाकी येते. हा फरक निर्णायक मानावा का?

पाना-पकड

तुमच्या अंतरांसाठी निर्णायकच मानावा. इंधन वाहून नेण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे गाडीची स्वतःची टाकी, कारण तिथे वजन खाली आणि दोन ॲक्सलांच्या मध्ये राहते. टपावर चढवलेला प्रत्येक किलो आडव्या उतारावर गाडीला कलंडायला मदत करतो. टपाची चालत्या गाडीतली मर्यादा माहितीपुस्तिकेत दिलेली असते, अनेक गाड्यांत ती १०० किलोच्या आतच असते आणि त्यात कॅरिअरचे स्वतःचे वजनही धरायचे असते, हे फार कमी जण पाहतात.

अक्ष आणि चाक

फोर बाय फोरबद्दल थोडे लिहितो, कारण जाहिरातींमधून या शब्दाखाली अनेक वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. तुमच्या कामासाठी लो रेंज (चाल सावकाश करून ताकद वाढवणारे गिअर) असलेला ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) ही किमान अट समजावी. पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४, लो रेंजचे २.६ आणि डिफरन्शियलचे (दोन बाजूंना वेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचाचे) ३.९ असेल तर तिन्हींचा गुणाकार साधारण ४० येतो. म्हणजे इंजिनाच्या चाळीस फेऱ्यांत चाक एकदा फिरते. एवढ्या सावकाश चालीने दगडांवरून उतरताना ब्रेकवर पाय ठेवावा लागत नाही आणि चढावर क्लच जळत नाही. लो रेंज नसलेली, फक्त चारही चाकांना थोडीबहुत ताकद देणारी गाडी ओल्या रस्त्यावर छान चालते. तुमच्या खिंडींत ती क्लच किंवा गिअरबॉक्स तापवून थांबेल.

पार्ट टाइम पद्धतीत पुढचा आणि मागचा ॲक्सल थेट जोडला जातो, मध्ये डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठा वळसा घेतात, तो फरक निसरड्या जमिनीवर चाके घसरून भरून निघतो. कोरड्या डांबरावर मात्र चाकाला घसरायला वाव नसल्याने सारा ताण ट्रान्सफर केस, शाफ्ट आणि टायरांवर येतो. म्हणून डांबर लागले की टू व्हीलवर यावे. फुल टाइम पद्धतीत मधला डिफरन्शियल हे सांभाळतो, म्हणून डांबर, खडी, बर्फ असा रस्ता सतत बदलत असेल तेव्हा ती अधिक सुखाची वाटते; पण जास्त भाग म्हणजे जास्त देखभाल.

डिफरन्शियल लॉकबद्दल (दोन्ही चाके एकत्र जखडून फिरवणाऱ्या) माझे मत असे की मागच्या ॲक्सलला एक लॉक असावा, पुढचा असला तर उत्तम, नसला तर खंत करू नये. ब्रेक वापरून घसरणारे चाक आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बऱ्यापैकी काम करते, परंतु लांब चढावर ती ब्रेक तापवते आणि तिला जागे होण्यासाठी आधी चाक घसरावे लागते. लॉकमध्ये चाक घसरण्याआधीच तयारी असते. फोर्स गुरखासारख्या गाडीत दोन्ही ॲक्सलांना यांत्रिक लॉक कारखान्यातूनच येतात. तुमच्या यादीत ती नाही, पण भारक्षमता तपासून तिचाही विचार व्हावा.

टायरच्या बाबतीत मी कोणाचेच ऐकत नाही आणि एकच आग्रह धरतो: बाजू जाड असलेला, हलक्या ट्रकच्या वर्गातला ऑल टेरेन टायर घ्या आणि गाडीच्या मूळ मापापासून फार दूर जाऊ नका. लँड क्रूझरच्या कष्टाच्या प्रकारांना लागणारे ७.५०आर१६ हे माप हलक्या ट्रकांचे असल्याने अनेक देशांत सहज मिळते. देखण्या, मोठ्या रिमवरचा पातळ कडेचा टायर मात्र एका धारदार दगडाने संपतो आणि त्याची जोडी मिळवायला आठवडा जातो. हवेचा दाबही तितकाच महत्त्वाचा. डांबरावर ३५ पीएसआय असेल तर खडीवर २५ च्या आसपास, मऊ वाळूत १५ ते १८. दाब कमी केला की टायरचा जमिनीवरचा ठसा मुख्यतः लांबीत वाढतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा, आणि गाडी वाळूवर तरंगू लागते. त्याच दाबाने पुन्हा वेगात डांबरावर गेलात तर टायर आतून तापून फाटतो; म्हणून चांगला कॉम्प्रेसर हा चैनीत मोडत नाही.

धूर आणि धार

इंजिनावर कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. जुन्या लँड क्रूझरमधले ४.२ लिटरचे १एचझेड हे सहा सिलिंडरचे, टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) नसलेले डिझेल इंजिन इतके मानले जाते त्यामागे ठोस कारण आहे. त्याचा इंधन पंप यांत्रिक आहे, इंजेक्शनचा दाब काही शे बारच्या घरातला आहे आणि ते चालण्यासाठी संगणक लागत नाही. आजच्या कॉमन रेल इंजिनांत हाच दाब १,६०० ते २,००० बार आणि त्याहूनही वर असतो, आणि इंजेक्टरमधल्या फटी मायक्रोमीटरमध्ये मोजाव्या लागतात. पाणी मिसळलेले किंवा गाळ असलेले डिझेल जुन्या इंजिनाला खोकला आणते. नव्या इंजिनात तेच पंप आणि इंजेक्टरांचा अख्खा संच बाद करू शकते.

तरीही जुने इंजिन घ्या असे मी सरसकट सांगणार नाही, कारण तुमच्या प्रवासात उंच खिंडी आहेत. सुमारे साडेपाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो, आणि साडेचार हजारांवरही तो सहा दशांशांच्या खाली जातो. टर्बो नसलेल्या इंजिनाला तेवढ्या प्रमाणात ताकद सोडावी लागते, काळा धूर येतो आणि भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत चढते. चढते, हे खरे; पण चढताना तुम्ही त्या आवाजात दिवसभर बसणार आहात. टर्बो ही तूट बरीच भरून काढतो. शिवाय १एचझेडमध्ये टायमिंग बेल्ट आहे आणि तो आधीच्या मालकाने वेळेवर बदलला होता का, याचा कागद मिळाला नाही तर गाडी घेतल्या घेतल्या बदलूनच टाकावा.

नव्या डिझेल गाड्यांच्या बाबतीत खरी चिंता इंजिनापेक्षा धूर साफ करणाऱ्या यंत्रणेची आहे. युरो ५ (युरोपातील धुराचे निकष) पासूनच्या नियमांना धरून बनलेल्या गाड्या दहा लाख भागांत जेमतेम १० भाग गंधक असलेल्या डिझेलवर चालण्यासाठी आहेत. काही देशांत आजही गंधकाचे प्रमाण शेकड्यांत किंवा त्याहून अधिक असते. असे डिझेल सतत वापरले तर धूर शुद्ध करणारा कॅटॅलिस्ट निकामी होऊ लागतो आणि काजळीचा फिल्टर लवकर भरतो. तो फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो तेव्हा आत साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि ते संथ गतीच्या चढणीत सहज मिळत नाही. त्या सफाईच्या वेळी गाडी वाळक्या गवतावर उभी करू नका. गाडीखाली आग लागते. युरियाचे द्रावण लागणाऱ्या गाड्यांत आणखी दोन गोष्टी येतात. ते द्रावण उणे ११ अंशांला गोठते, त्यामुळे टाकीतला हीटर चालू स्थितीत असला पाहिजे. आणि ते पूर्ण संपले तर बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होऊ नये अशीच तिची रचना असते. म्हणून गाडी ठरवण्याआधी पुढच्या पाच वर्षांत कोणकोणत्या देशांतून जायचे आहे याची यादी करा आणि तिथले डिझेल कोणत्या प्रतीचे आहे ते पाहा. कुठलेही इंजिन घेतले तरी पाणी वेगळे करणारा फिल्टर हवा आणि जादाचे दोन फिल्टर डिकीत हवेत.

नकाशाप्रेमी

सीमा ओलांडण्याचा विचार असेल तर आणखी एक बाब गाडी निवडतानाच पाहावी लागते. काही देशांत गाडी तात्पुरती नेण्यासाठी कार्ने द पासाज हे सीमाशुल्काचे पुस्तक लागते आणि ते देणाऱ्या संस्थेकडे जी हमी ठेवावी लागते ती गाडीच्या किमतीवर व देशांच्या यादीवर ठरते. महागडी नवी गाडी घेतली की त्या हमीत मोठी रक्कम अडकून पडते; वापरलेली साधी गाडी इथे उघडपणे सोपी जाते. गाडी चौघांची असली तरी कागद कोणाच्या नावावर आहेत हे सीमेवर पाहिले जाते. मालक सोबत नसेल तर चालवणाऱ्याकडे रीतसर अधिकारपत्र असावे. मैत्रीत हे विषय काढायला अवघड वाटते, पण दुरुस्तीचा खर्च कसा वाटायचा, एकाला बाहेर पडायचे असेल तर त्याचा हिस्सा कोणी आणि कोणत्या हिशेबाने घ्यायचा, हे गाडी दारात येण्याआधीच कागदावर लिहून सह्या करा.

दूरवाट

सर्वांचे मनापासून आभार. घरी बसून वजनांचा तक्ता केला आणि चौघांनीही तो मान्य केला. जिमनी आणि थार आता यादीत नाहीत. वापरलेला, टर्बो डिझेलचा, पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) मागची सस्पेन्शन असलेला दुहेरी केबिनचा पिकअप हे पहिले लक्ष्य आहे आणि पाच दारांची लँड क्रूझर चांगल्या स्थितीत मिळाली तर ती दुसरे. एकट्या गाडीने न जाता आमच्या ओळखीच्या दुसऱ्या गटाच्या पिकअपसोबत जायचे असेही ठरले. आता प्रश्न असा की वापरलेली गाडी तपासताना नेमके काय आणि कुठे पाहायचे?

पाना-पकड

सकाळी जा आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा की इंजिन थंड हवे आहे. बोनेटवर हात ठेवा. गरम लागले तर थंडपणी सुरू व्हायला गाडी त्रास देत असावी आणि ते तुमच्यापासून लपवले जाते आहे असे समजून दुसऱ्या दिवशी पुन्हा या. थंड इंजिन सुरू होताना येणाऱ्या धुराचा रंग पाहा. थोडा वेळ पांढरा धूर डिझेलमध्ये चालतो, निळा म्हणजे तेल जळते आहे.

मग जुना सदरा घालून गाडीखाली झोपा. हातात छोटी हातोडी आणि टॉर्च असावी. चासीच्या दोन्ही लांब दांड्यांवर पुढून मागे टकटक करत जा: शाबूत लोखंड खणखणीत वाजते, गंजलेले बद्द आवाज देते आणि पापुद्रे खाली पडतात. मागच्या पाट्यांचे कान जिथे चासीला जोडलेले असतात तिथे चिखल साचून राहतो, म्हणून गंज आणि बारीक तडे तिथे आधी शोधा. नुकताच काळा रंग मारलेली चासी दिसली तर तो रंग कशावर मारला आहे ते खरवडून पाहण्याची परवानगी मागा. वेल्डिंगची शिवण दिसली तर ती कारखान्याची सरळ शिवण आहे की नंतरची जाडजूड, वेडीवाकडी आहे ते ओळखता येते.

डिफरन्शियलच्या तेलाचा बोल्ट सैल करून दोन थेंब बोटावर घ्या. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी गेले आहे. गाडी ओढ्यांतून फिरलेली असेल तर तापलेला डिफरन्शियल थंड पाण्यात बुडताच आतली हवा आकसते आणि त्याची श्वासनळी (हवा ये-जा करायची छोटी नळी) अडलेली असेल तर सीलमधून पाणी आत ओढले जाते. ही नळी वर बोनेटपर्यंत नेणे हे अगदी स्वस्त काम आहे आणि गाडी घेतल्यावर तुम्ही पहिल्याच आठवड्यात करून घ्यावे. पुढे अखंड ॲक्सल असलेल्या जुन्या लँड क्रूझरमध्ये चाकामागच्या गोलाकार भागाभोवती पातळ झालेले ग्रीस आणि तेल ओघळलेले दिसले तर आतले सील गेले आहे. काम होण्यासारखे आहे, फक्त किमतीत धरा. प्रत्येक चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खुळखुळ जाणवली तर बेअरिंग किंवा जोड सैल आहेत.

शेवटी गाडी मऊ जमिनीवर नेऊन फोर व्हील आणि लो रेंज दोन्ही टाकून चालवा. वर्षानुवर्षे न वापरलेला लो रेंजचा दांडा अनेकदा अडकलेला निघतो. दुरुस्तीच्या पावत्यांची जाडजूड फाइल असलेली, धूळ खाल्लेली गाडी मी चकचकीत पण बिनकागदाच्या गाडीपेक्षा केव्हाही पसंत करीन.

अक्ष आणि चाक

सोबतच्या गटाची गाडीही पिकअपच असेल तर चाकांचे जुळते का ते आधीच पाहा. हायलक्स, निसान पेट्रोल, मित्सुबिशी पजेरो अशा अनेक गाड्यांना सहा बोल्टचे १३९.७ मिलिमीटर वर्तुळाचे चाक बसते. नव्या लँड क्रूझर ७० ला पाच बोल्टचे १५० मिलिमीटरचे, जिमनीला पाच बोल्टचे १३९.७ चे आणि जुन्या डिफेंडरला पाच बोल्टचे १६५.१ चे लागते. बोल्ट जुळले म्हणून काम झाले असे नाही. मधले भोक, रिमची खोली आणि ब्रेकच्या कॅलिपरला लागणारी जागाही जुळावी लागते. म्हणून निघण्याआधी एका दुपारी दोन्ही गाड्या शेजारी लावून एकीचे चाक दुसरीला प्रत्यक्ष चढवून, हाताने पूर्ण फिरवून आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. टायरचा व्यासही एकच असावा, कारण पार्ट टाइम गाडीत पुढे-मागे वेगळ्या व्यासाची चाके घालून फोर व्हील टाकले तर ट्रान्सफर केसवर तोच ताण येतो जो कोरड्या डांबरावर येतो. हे सर्व जुळले तर दोन गाड्यांत मिळून तीन स्टेपन्यांवर भागते, आणि वजनात एका चाकाची बचत होते.

दूरवाट

हा मुद्दा आमच्या कोणाच्याच डोक्यात नव्हता. त्यांची गाडी सहा बोल्टची आहे, त्यामुळे पिकअपकडे पारडे आणखी झुकले. शेवटची शंका अशी की गाडी मिळाल्यावर उंची वाढवणे, विंच, स्नॉर्कल (इंजिनाची हवा उंचावरून घेणारी नळी) आणि टपावरचा तंबू यांपैकी काय आधी करावे? आमच्यातला एक जण चारही गोष्टी एकदम करून घेऊ म्हणतो.

पाना-पकड

चारही थांबवा आणि आधी गाडी मूळ स्थितीत आणा. सगळी तेले, सगळे फिल्टर, बेल्ट, रेडिएटरचे पाइप, कूलंट, ब्रेकचे पॅड, बेअरिंगचे ग्रीस आणि टायर एवढे नवे झाले की जवळच्या खडीच्या रस्त्यावर पूर्ण भरून तीन-चार दिवस फिरवा. जे सैल होणार आहे ते त्यातच सैल होते.

त्यानंतर पहिला खर्च ओढण्याच्या कड्यांवर करा. गाडीला पुढे आणि मागे चासीत बोल्टने बसवलेल्या, भार लिहिलेल्या कड्या हव्यात. कारखान्यातून येणारे पातळ हूक बहुधा जहाजावर गाडी बांधण्यासाठी असतात, ते ओढण्यासाठी नाहीत. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोर अडकवून रुतलेली गाडी कधीही ओढू नका. तो गोळा तुटला तर ताणलेल्या दोरासकट गोळीसारखा सुटतो आणि अशा अपघातांत माणसे मेली आहेत. लवचीक दोर, दोन मऊ शॅकल (दोर गाडीला अडकवायचे जोड), वाळूत चाकाखाली घालायच्या दोन पट्ट्या आणि लांब दांड्याचे फावडे एवढ्यावर दोन गाड्यांच्या ताफ्याचे बहुतेक सारे अडथळे सुटतात, म्हणून विंच मी मागे ठेवीन. पुढे कधी घेतलीच तर भरल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट ताकदीची घ्यावी, आणि तिचे वजन पुढच्या ॲक्सलवर येणार हे धरून चालावे.

स्नॉर्कलचा खरा उपयोग धूळ टाळण्याचा आणि हवेची वाट उंच नेण्याचा आहे. त्याने गाडीची पाण्यातली मर्यादा आपोआप वाढत नाही, कारण विजेची जोडणी आणि डिफरन्शियलच्या नळ्या तिथेच खाली असतात. थारसाठी कंपनी ६५० मिलिमीटर आणि गुरखासाठी ७०० मिलिमीटर पाणी सांगते. तुमच्या पिकअपचा आकडा पुस्तिकेत पाहा आणि ओढा आधी चालत ओलांडून काठीने खोली मोजा. प्रवाह जोराचा असेल किंवा पाणी गुडघ्याच्या बरेच वर येत असेल तर चालतही उतरू नका, गाडीही घालू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेले तर ते हवेसारखे दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि प्रवास तिथे संपतो.

टपावरचा तंबू चौघांसाठी पुरणार नाही आणि वजन नेमके नको तिथे नेईल, म्हणून जमिनीवरचे दोन तंबू घ्या. उंचीचा विचार मात्र मागच्या पाट्यांबरोबरच करायचा. त्यासाठी प्रवासाला निघताना भराल तशीच गाडी भरा, चौघे आत बसा, टाकी काठोकाठ असू द्या आणि वजनकाट्यावर आधी फक्त पुढची चाके, मग संपूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके चढवून तीन वेगळ्या पावत्या घ्या. मागच्या ॲक्सलवर मर्यादेच्या आत पण सतत दोन-तीनशे किलो जादा भार राहणार असेल तर तेवढ्याच भाराच्या पाट्यांचा संच आणि त्याला जुळणारे शॉकॲब्सॉर्बर घ्या. मर्यादेबाहेर असेल तर पाटे बदलू नका, सामान काढा.

चढउतार

पाट्यांबाबत एवढीच पुस्ती जोडतो की जड भारासाठी बनवलेले पाटे रिकाम्या गाडीत घातले तर मागची चाके लाटांवर उड्या मारतात आणि वळणावर शेपूट सरकते. गाडी प्रवासाव्यतिरिक्त रोजच्या वापरातही राहणार असेल तर विक्रेत्याला दोन्ही आकडे द्या, भरल्याचा आणि रिकाम्याचा, आणि मधला संच मागा.